पू

शहराच्या मधून जाणाऱ्या एग्नातिया रस्त्यावर बस अडकून पडली होती. वरच्या दांड्याला धरलेला हात बदलताना आसिमिनाला आपल्या बाहीवरचा डाग दिसला. पांढऱ्या लिननचा कोट, आणि मनगटाच्या जरासा वर तो डाग: पिवळट, हिरवट, कडेने वाळून आलेला, मध्ये अजून ओला. काय आहे ते तिला लगेच कळलं. मघाशी आयसीयूत ती बाबांच्या उशाशी उभी होती. नर्सने त्यांच्या घशातली नळी यंत्रापासून क्षणभर सोडवून बारीक नळीने आतला कफ ओढला, आणि त्या बेशुद्ध छातीतून एक खोकला उसळून वर आला. नर्स हसून म्हणाली होती, "वा, सिमेऑनकाका, काढा, काढा बाहेर सगळं." आसिमिना मागे सरकली होती. पुरेशी मागे नाही, हे आता दिसत होतं. खाली सीटवर बसलेली एक जाडशी बाई तीळ लावलेलं पावाचं कडं खात होती. तीळ तिच्या मांडीवर पडत होते, ती बोटाने टिपून ते परत तोंडात टाकत होती, आणि आसिमिनाची बाही तिच्या केसांपासून वीतभरावर होती. आसिमिनाने हात उंच धरला, मग आणखी उंच. बस हलली तशी ती तोल जाऊन कुणाच्या तरी घामट पाठीवर आदळली, पण हात तिने खाली केला नाही. पू. हा शब्द तिने मनात उच्चारला आणि तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

आणि हा शब्द तिला नवीन होता का? तिची सगळी हयात पू ज्यांचा होतो त्या पेशींबरोबरच गेली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी इस्पितळात ती रक्ताच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती, आणि दरवर्षी नवीन विद्यार्थी आले की सूक्ष्मदर्शकाखाली पहिली काचपट्टी ठेवून ती त्यांना म्हणायची, बघा, किती देखण्या आहेत. जांभळं रंगवलेलं, तीन-चार गाठींचं केंद्रक, भोवती फिकट गुलाबी कणांची धूळ. शरीरात कुठे काही बिघडलं की सर्वात आधी धावत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. जातात, गिळतात, फुटतात, मरतात. त्यांच्या मढ्यांचा ढीग म्हणजे पू, हे वाक्य ती किती सहज बोलायची. विद्यार्थिनी नाक मुरडायच्या आणि ही हसायची. हसायला काय जात होतं? काचेवर वास नव्हता. काचेवर काही ओलं नव्हतं. तिच्यापर्यंत माणसं झाकण लावलेल्या बोटभर नळ्यांतून येत, नाव आणि वय चिकटवून. त्यांना तोंड नसे, बगला नसत, पोट नसे. असाच विभाग तिने निवडला होता, आणि का निवडला ते कुणी विचारलं तर म्हणायची, मला रंग आवडतात.

खरं कारण बंदराजवळच्या गल्लीत होतं. बाबांचं वजडीच्या सुपाचं दुकान. बैलाचं पोट आणि पाय रात्रभर उकळायचे, पहाटे गोदीतले हमाल, टॅक्सीवाले, पिऊन घरी निघालेले लोक यायचे आणि लसणाचं व्हिनेगर ओतून वाडगेच्या वाडगे रिचवायचे. दुपारी दुकानाच्या मागच्या अंगणात बाबा दगडी कुंडीवर वाकून पोटं खरवडत बसत. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं ते राखाडी कातडं, त्याच्या घड्यांत अडकलेला अर्धवट पचलेला हिरवा चारा, आणि बाबांची लाल, सुजलेली, सुरकुतलेली बोटं. वास कपड्यांत शिरायचा, उशीत शिरायचा, तिच्या वेणीत शिरायचा. आई व्हिनेगरने केस धुवायची, मग लिंबाने, मग दोन्ही वास एकत्र यायचे. शाळेत कात्या नावाची एक मुलगी होती, ती बाकावर बसता बसता विचारायची, "आज कुठलं आतडं धुऊन आलीस गं?" आणि सगळा वर्ग खिदळायचा. आसिमिना घरी येऊन काही बोलायची नाही. जेवताना मात्र ती श्वास रोखून घास गिळायला शिकली, आणि बाबा समोर बसून ते बघायचे. त्यांनी कधीच काही म्हटलं नाही. ते न म्हणणंही तिला किळसवाणं वाटायचं, त्यात एक प्रकारची सवय होती, खरवडायची आणि फेकून द्यायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिच्या भावाच्या, प्रोद्रोमोसच्या घरी जेवताना बाबा टेबलावर ओणवे झाले होते. आता दुकान प्रोद्रोमोसच बघायचा. त्याला वाटलं, जास्त खाल्लं असेल. पण वेदना पाठीत शिरली, घाम सुटला, आणि संध्याकाळपर्यंत ते इस्पितळात होते. पित्ताचा एक खडा, मसुराएवढा, चुकीच्या जागी अडकला होता. त्याने स्वादुपिंडाचा रस्ता तुंबवला, आणि जो रस आतड्यात जाऊन मांस पचवायचा तो जागच्या जागी पाझरून त्या पिंडालाच पचवायला लागला. जंतू एकही नव्हता. तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावल्या, कारण त्यांना मोडलेलं, फुटलेलं कळतं, कुणी मोडलं ते कळत नाही. धावल्या, आपल्या पोटातलं तेजाब ओकल्या, आणि तो भडका रक्तातून फुप्फुसांत गेला. तिथेही त्या जाऊन बसल्या. फुप्फुसं पाण्याने भरली आणि बाबांच्या घशात नळी आली. हे सगळं तिने त्याच आठवड्यात आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून प्रोद्रोमोसला समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे जंतू नाही?" त्याने विचारलं होतं.

"अजून तरी नाही."

"मग हे करतंय कोण?"

"त्यांच्याच पेशी."

"त्यांच्याच!" तो तिच्याकडे वळला. "आणि तू यांचेच फोटो भिंतीवर लावून ठेवलेस ना गं दिवाणखान्यात? जांभळे जांभळे?"

हे आठवून आता बसमध्ये तिला हसू आलं नाही. प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने कोट काढला, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला, आणि तिथेच थांबली. नंतर तिला या गोष्टीचं नवल वाटलं, आणि लाजही. तिने हातमोजे चढवले, पात्याने डाग खरवडला, खाऱ्या पाण्याच्या थेंबात कालवून काचपट्टीवर पसरला, वाळवला, रंगवला. हात सवयीने चालत होते. तिला एवढंच हवं होतं की तो डाग काचेच्या पलीकडे जावा. तिथे गेला की तो तिचा होणार होता, ओळखीचा, जांभळा. तिने डोळा लावला. आणि तिथे त्या होत्या: हजारोंनी, फुटलेल्या, केंद्रकं सुटून दोऱ्यांसारखी लांबलेली, त्या दोऱ्यांच्या गुंत्यात अडकलेल्या आणखी पेशी, आणि मधूनच गोल गोल जंतूंच्या माळा. म्हणजे फुप्फुसात आता जंतूही पोचले होते. हे तिने नोंदवलं, बाबांच्या आयसीयूतल्या डॉक्टर थालियाला सांगायला हवं असंही मनात म्हटलं. पण त्याच वेळी तिला आयुष्यात पहिल्यांदा काचेतून वास आला. येणं शक्य नव्हतं. तरी आला. उबट, गोडसर, आंबलेला. त्या दोऱ्या तिला ओल्या दिसायला लागल्या. हे बाबा आहेत, असं काहीतरी तिच्या मनात येऊ पाहत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती, आणि मग तिने खुर्ची मागे ढकलली, बेसिन गाठलं आणि दुपारचं सगळं ओकून टाकलं. आरशात तिला एक पन्नाशीची बाई दिसली, हनुवटीवर लाळेची तार. तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. लपायला एवढी एक जागा होती, तीही गेली, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रोद्रोमोसने तिला बाबांच्या इस्पितळासमोरच्या कॅफेत बोलावलं. उन्हाळा चढला होता. कचरा उचलणाऱ्यांचा संप चालू होता, फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग उन्हात फुगले होते आणि त्यांच्याखालून एक तपकिरी ओघळ टेबलाच्या पायापर्यंत आला होता. प्रोद्रोमोसला त्याचं काहीच नव्हतं. समोर क्रीमची पेस्ट्री होती, तिच्यावर पिठीसाखर आणि दालचिनी, आणि तो ती काट्याने फाडून खात होता. ओठाच्या कोपऱ्यात पिवळं क्रीम लागलं होतं. आसिमिनाने नजर समुद्राच्या दिशेला वळवली. तिकडूनही वारा येत होता तो सडक्या शेवाळाचाच.

"मी एका सर्जनशी बोललो," तो म्हणाला. "खासगी दवाखान्यातला. मोठा माणूस आहे. म्हणतो, सडलंय तर कापून काढा. साधी गोष्ट आहे. उद्या हलवू म्हणतो."

"कुठे हलवणार? व्हेंटिलेटरवर आहेत ते."

"त्यांची गाडी आहे सगळ्या यंत्रांची."

"प्रोद्रोमोस, आता उघडलं तर मरतील."

"आणि नाही उघडलं तर? पडून राहतील तसेच? पोटात सडत?" तो पुढे झुकला. "मी रोज काय करतो माहीतेय ना? पोट उघडतो. घाण असली की काढायची, धुवायची. घाण आत ठेवून कुणी बरं झालेलं मी तरी पाहिलं नाही."

"तुझ्याकडे येतं ते बैलाचं असतं. मेलेल्या."

"आहाहा. आल्या डॉक्टरीणबाई."

तिने सांगायचा प्रयत्न केला. की मेलेला भाग आणि जिवंत भाग आता एकमेकांत कालवल्यासारखे आहेत, कापणाऱ्याला कुठे थांबायचं तेच कळणार नाही. की पहिल्या धावपळीच्या पेशी ओसरल्या की दुसऱ्या येतात, मोठ्या, सावकाश, मढी खाणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर धागे विणणाऱ्या. त्या मेलेल्या भागाभोवती भिंत घालतात. काही आठवडे लागतात. भिंत पक्की झाली की बाहेरून एक नळी घालून आतलं वाहू द्यायचं. तोवर थांबायचं. बोलता बोलता तिला आपल्याच आवाजात वर्गातला आवाज ऐकू आला. प्रोद्रोमोसने काटा खाली ठेवला.

"तुला एक सांगू का मिना? तुला घाण वाटते. म्हणून तू त्यांना उघडू देत नाहीस. तुला ते बाहेर आलेलं बघायचं नाहीये. भिंत घालू देत म्हणे! लहानपणापासून तू हेच करत आलीस. आम्ही अंगणात आणि तू खिडकी बंद करून आत."

ओघळ आता तिच्या सँडलजवळ पोचला होता. तिने पाय उचलून घेतला, आणि प्रोद्रोमोसने ते पाहिलं आणि तो नुसता "हं" म्हणाला.

ते "हं" घेऊन ती रस्ता ओलांडून इस्पितळात गेली. थालिया आयसीयूची प्रमुख होती, आसिमिनाच्या बरोबरीची, कॉलेजपासूनची ओळख. ती मागच्या जिन्यात उभी राहून सिगारेट ओढत होती, धूम्रपानबंदीच्या पाटीखालीच. आसिमिनाने तिला फुप्फुसातल्या जंतूंचं सांगितलं. थालियाला ते सकाळीच कळलं होतं, औषध बदललंही होतं. मग आसिमिनाने विचारलं, "थालिया, खरं सांग. मी थांबा म्हणते, ते मला कळतं म्हणून म्हणते, की मला बघवत नाही म्हणून?"

थालियाने धूर सोडला. "मला काय माहीत? मी तर तुझ्या डोक्यात बसलेली नाही."

"तुझं मत काय?"

"माझं मत थांबा. घाईने उघडलेले मी पाहिलेत, त्यांना पुरायलाही गेलेय. थांबलेलेही गेलेत माझ्या हातून, पण कमी." तिने सिगारेट जिन्याच्या कठड्यावर विझवली. "तुझं कारण घाणेरडं असलं म्हणून उत्तर चुकत नाही ग बाई. पण तुम्ही दोघं बहीणभाऊ माझ्या दारात भांडू नका. एकाने ठरवा आणि दुसऱ्याने शिव्या घाला. असंच चालतं सगळीकडे."

आसिमिनाने ठरवलं. प्रोद्रोमोसला तिने फोनवर सांगितलं की बाबा इथेच राहतील. तो म्हणाला, "ठीक आहे. गेले तर तुझ्यामुळे." आणि फोन ठेवला. तो रागावून म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, दुकानात कुणी काय घेणार विचारावं तसा.

मग ते थांबणं. त्या दिवसांत ती रोज दुपारी जायची. बाबांचं पोट ढोलासारखं ताणलं होतं, कातडी चकचकीत, डाव्या कुशीवर निळसर-हिरवा डाग पसरलेला, जणू आतून कुणी शाई सांडली. तोंडात नळीभोवती वाळलेली साय. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट. कपाळावर हात ठेवावा असं तिला वाटायचं, पण हात चादरीच्या काठावरच थांबायचा, कारण कपाळ चिकट असणार हे ठाऊक होतं. नर्सा हसत हसत त्यांना कुशीवर वळवायच्या, पुसायच्या, "हां काका, झालं झालं," म्हणायच्या, आणि त्यांच्या त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघून आसिमिनाला स्वतःचा तिटकारा यायचा. आपलं तोंड कसं दिसतंय याची तिला कल्पना होती. नाक आवळलेलं, वरचा ओठ जरासा उचललेला. ती ते सैल करायचा प्रयत्न करायची आणि पुढच्या श्वासाला ते परत आवळायचं. प्रोद्रोमोस सकाळी येऊन जायचा, म्हणजे गाठ पडू नये. त्याने एकदा बाबांच्या पायांना तेल लावलं होतं, ती आली तेव्हा पाय चकाकत होते आणि खोलीत ऑलिव्हचा वास होता. तिला मत्सर वाटला. त्या तेलाचीही तिला किळस वाटली, आणि मग या किळसेची. एकात एक असं ते चाललं होतं, त्याला तळ नव्हता.

थालिया बाबांचं रक्त तिच्याकडे पाठवायची, कारण तिच्यासारखं बघणारं शहरात दुसरं कुणी नव्हतं. सुरुवातीला काचेवर कोवळ्या पेशींची गर्दी असे, हाडांच्या मगजातून न पिकताच बाहेर ढकललेल्या, कणांनी गच्च भरलेल्या, पोटात भोकं पडलेल्या. मग हळूहळू ती गर्दी पातळ झाली. त्याऐवजी आल्या त्या थकलेल्या. जंतूंचा चुरा समोर टाकला तरी त्या हलत नव्हत्या, एकमेकींना काही कळवत नव्हत्या. ज्या पेशींनी आधी विनाकारण आकांत मांडला होता, त्याच आता कारण आलं तरी गप्प होत्या. आसिमिनाला हे पुस्तकातून पाठ होतं. पहिली लाट जाळते आणि दुसरी सोडून देते. पाठ असणं काही कामाचं नव्हतं. काचेतून येणारा वास मात्र आता रोजचाच झाला होता. ती एका हाताने नाकाशी रुमाल धरून बघायची. तिच्या सहकाऱ्यांना वाटलं, सर्दी झाली असेल.

जूनच्या शेवटी ताप परत चढला. रक्तदाब कोसळला. तपासणीच्या चित्रात बाबांच्या पोटात मेलेल्या भागाचं जे काळं डबकं झालं होतं त्यात हवेचे बुडबुडे दिसले. जंतू तिथेही पोचले होते आणि त्यांना अडवायला कुणी उरलं नव्हतं. प्रोद्रोमोस त्या दिवशी दुपारीच आला. जिन्यात उभा राहिला. त्याच्या अंगाला दुकानाचा वास होता आणि डोळे लाल होते. ती म्हणाली, "बोल ना. बोलून टाक." तो म्हणाला, "काय बोलू? मलाही आता काही कळत नाही." मग थालिया चित्रं घेऊन बाहेर आली. तिने काचेच्या दारावरच ती टेकवली आणि बोट ठेवलं. डबक्याभोवती एक पांढरी, जाडसर कड होती. एका बाजूला पातळ, पण सलग.

"भिंत धरलीय," थालिया म्हणाली. "आत्ताच घालते नळी. अजून थांबलो तर रक्तात उतरेल."

"मी आत येते," आसिमिना म्हणाली. स्वतःच्याच तोंडून हे ऐकून तिला धक्का बसला.

"तू? चक्कर येऊन पडशील आणि मला दोन रोगी होतील."

"पडले तर पडू दे."

बाबांना उजव्या कुशीवर वळवलं होतं. डाव्या कुशीवर त्या निळसर डागातच थालियाने सुई घातली, तिच्यावरून तार, तारेवरून जाडी नळी. एक क्षण काहीच झालं नाही. मग नळी भरली आणि पिशवीत ते उतरायला लागलं: राखाडी, तपकिरी, गाठी गाठींचं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे तुकडे. वास आला आणि एक नर्स मागे सरकली, जी एरवी हसायची. आसिमिनाला वाटलं होतं की हा दुकानातल्या अंगणाचा वास असेल. तो तसा अजिबात नव्हता. बाबांच्या अंगणातला वास त्यामानाने साधा होता, धुतला जाणारा, कुणाच्या तरी जेवणाकडे जाणारा. हा वास कुठेच जात नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती पलंगाच्या दांड्याला धरून बाबांच्या चेहऱ्यासमोरच उभी राहिली, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. त्यांच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या. ते काही बघत असतील असं तिला वाटलं नाही. तिने स्वतःच्या चेहऱ्याचं काय करायचं हा विचारच सोडून दिला, तेवढी ताकद नव्हती. पिशवी भरली, नर्सने दुसरी लावली.

ताप उतरायला वेळ लागला. मध्ये दोनदा वाटलं की गेले. आणखी एक नळी घालावी लागली. मग एका सकाळी थालियाने घशातली नळी काढली, आणि बाबांच्या तोंडून पहिली बाहेर पडली ती शिवी, बंदरावरची, चांगली लांबलचक. प्रोद्रोमोस जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. आसिमिना त्याच्या शेजारी बसली. त्याने नाक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि तोच हात तिच्या खांद्यावर टाकला. तिने खांदा काढून घेतला नाही. पण त्या ओल्या बाहीची जाणीव तिला शेवटपर्यंत होती.

ऑगस्टमध्ये बाबा घरी आले ते तिच्या घरी. एक नळी अजून कुशीत होती आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ खाऱ्या पाण्याने धुवायची होती. प्रोद्रोमोसने एकदा करून बघितलं, आणि जो माणूस पहाटेपासून आतडी उकळायचा तो पिचकारी टाकून बाल्कनीत पळाला. "नाही जमत," तो परत येऊन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा आहेत ते. बैलाचं वेगळं." त्यामुळे ते काम तिच्याकडे आलं. रोज सकाळी ती पडदे सारायची, तिच्या कालामारिया वस्तीतल्या गच्च्यांवरून ऊन आत यायचं, ती टॉवेल पसरायची, हातमोजे घालायची, आणि चेहऱ्यावर नर्सांसारखं हसू चढवायची. ते तिने आरशासमोर करून पाहिलं होतं. गाल वर, डोळे जरा बारीक. तेवढं धरून ठेवलं की नाक आवळत नाही. बाबा हाडांचा सापळा झाले होते. उशीला टेकून ते तिच्याकडे बघत राहायचे. ते बघणं तिला नकोसं व्हायचं. आणि पिशवीतलं ते, आता पातळ, पिवळं, तळाशी गाळ असलेलं, रोज तितकंच. तिची किळस कणभरही कमी झाली नव्हती. तिला वाटलं होतं, प्रेमाने होईल, सवयीने होईल. दोन्हीने झाली नाही.

"हसू नकोस," एका सकाळी बाबा म्हणाले.

तिने पिचकारी नळीला जोडली होती. "काय?"

"ते तोंड. ते हसणं. बंद कर."

"बाबा, मी आपली–"

"तिकडे सगळ्या हसायच्या," ते म्हणाले. आवाज नळीने खरवडलेला, अजून भरला नव्हता. "वळवताना हसायच्या, पुसताना हसायच्या. मी आतून बघायचो. धड झोप नाही, धड जाग नाही. मला वाटायचं, मी मेलोय आणि या मला सांगत नाहीयेत. मेलेल्यासमोर लोक तोंड सांभाळतात, पाहिलंयस ना? तुझ्या आईच्या वेळी सगळे कसे तोंड सांभाळून उभे होते." ते थांबले, दम खाल्ला. "मग एक तोंड दिसलं. असं." त्यांनी नाक आवळलं, वरचा ओठ उचलला, डोळे मिटले. त्या वाळलेल्या चेहऱ्यावर ते इतकं भयानक आणि इतकं बरोबर उमटलं की आसिमिनाने दट्ट्यावरचा अंगठा काढून घेतला.

"तुम्हाला दिसतंय असं मला वाटलं नव्हतं," ती कसंबसं म्हणाली.

"म्हणूनच तर. सांभाळलं नाहीस." त्यांनी डोळे उघडले. "मी म्हटलं, हिला माझी एवढी घाण वाटतेय, म्हणजे मी अजून आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी टरबुजं विकत होतं, भोंग्यातून त्याचा आवाज गच्चीवर आदळून परत येत होता. आसिमिनाने गालांतलं ते धरून ठेवलेलं सोडून दिलं. चेहरा आपोआप वाकडा झाला, नाक आवळलं गेलं, घशातून एक ओकारी वर आली आणि तिने ती बाबांच्या देखत गिळली. बाबा समाधानाने उशीला टेकले. तिने पिचकारीचा दट्ट्या हळूहळू दाबला. पाणी आत गेलं, आणि थोड्या वेळाने गढूळ होऊन परत आलं. कालच्यापेक्षा जरा निवळ, पण किळसवाणंच.